वजन दोनच किलो उतरलं, तरी पँट सैल आणि कुडत्याचा मुंढा घट्ट: हे काय चाललंय?

प्रश्न थोडक्यात असा. वय 41, राहणं ठाण्यात पाचपाखाडीला, नोकरी ऐरोलीत आणि तीही दिवसभर खुर्चीवरची. उंची 158 सेंटिमीटर. तीन महिन्यांपूर्वी वजन 68 किलो होतं, आता 66 आहे. आठवड्यातून तीन दिवस जिममध्ये वजनं उचलणं, जेवण बेताचं, रविवारी उपवनला चालणं. कंबर साडेछत्तीस इंचांवरून साडेचौतीसवर आली, ऑफिसची पँट पट्ट्याशिवाय राहत नाही, पण कुडते मुंढ्यात आणि पाठीत ओढायला लागलेत. नवरा म्हणतो, "दंड पैलवानासारखे होतील." सोबत डाएट सुरू केलेली मैत्रीण मात्र नुसतं चालून आणि कमी खाऊन सहा किलो उतरली. मग वजनं सोडून चालण्यावरच यावं का?

ताई, सोडू नका. ठाण्यात बरीच वर्षं बायकांना आणि पुरुषांना वजनं उचलायला शिकवतेय, आणि नेमक्या या टप्प्यावर सोडून गेलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. पण "स्नायू चरबीपेक्षा जड असतात, म्हणून काटा हलत नाही" हे जे उत्तर तुम्हाला जिममध्ये मिळालं असेल, ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजलं नाही तर पुढचे तीन महिने फुकट जातील.

आधी आकडे बघू. एक किलो चरबी साधारण 1.1 लिटर जागा घेते, एक किलो स्नायू 0.94 लिटर. म्हणजे फरक पंधरा-सोळा टक्क्यांचा. व्हॉट्सॲपवर ते चित्र फिरतं ना, एका बाजूला चरबीचा पिवळा ढीग आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या एक तृतीयांश आकाराचा लालबुंद स्नायू, "दोन्ही पाच-पाच किलो"? ते खोटं आहे. इतका फरक असता तर माणूस पाण्यावर बुचासारखा तरंगला असता.

आता तुमचा हिशोब. कंबर दोन इंच कमी झाली आहे, त्यावरून माझा अंदाज आहे की तुमची सव्वातीन किलोच्या आसपास चरबी गेली आणि सव्वा किलोच्या आसपास स्नायू व त्यांतलं पाणी वाढलं. काट्यावर दिसले दोन किलो. शरीराचं आकारमान मात्र साधारण अडीच लिटरनी कमी झालं. हेच दोन किलो तुम्ही नुसतं कमी खाऊन उतरवले असते, तर दीड किलो चरबी आणि अर्धा किलो स्नायू-पाणी गेलं असतं, आणि आकारमान दोन लिटरच्या थोडं वर घटलं असतं. दोन्हींत फरक मोठ्या पेलाभराचा. एवढ्याशा फरकाने पँट ढिली होत नाही.

पँट ढिली होते ती जागा बदलल्यामुळे. चरबी गेली पोट, पाठीचा खालचा भाग आणि कुल्ह्यांवरून. स्नायू आले मांडीच्या मागे, नितंबांवर, खांद्यांवर आणि पाठीच्या वरच्या भागात. पोटावर स्नायूंची जाड लादी चढत नाही, कितीही क्रंचेस मारा. म्हणून कमरेवर फक्त वजाबाकी होते आणि खांद्या-पाठीत वजाबाकी आणि बेरीज दोन्ही. काटा या सगळ्याची गोळाबेरीज दाखवतो आणि टेप जागेवरचं दाखवतो. आकार म्हणजे शेवटी एका जागेचं दुसऱ्या जागेशी असलेलं प्रमाणच. कंबर दोन इंच गेली आणि छातीचं माप तेवढंच राहिलं, तर माणूस वेगळाच दिसतो, मग वजन काहीही असो.

मैत्रिणीबद्दल प्रामाणिकपणे सांगते, कारण इथे ट्रेनर लोक गोड बोलतात. तिची सहा किलोंमधली साडेचारेक किलो चरबी असेल, म्हणजे तुमच्यापेक्षा जास्त. व्यायामाशिवाय वजन उतरवलं तर उतरलेल्या वजनाचा ढोबळमानाने चौथा हिस्सा स्नायू, पाणी वगैरे चरबीखेरीजच्या गोष्टींचा असतो. खाणं जितकं तोडाल आणि प्रोटीन जितकं कमी खाल, तितका हा हिस्सा वाढतो. ती आज तुमच्यापेक्षा बारीक दिसत असेल, त्यात गैर काही नाही. पण तिचा आकार तोच राहून लहान झाला असेल. पोट तिथेच, दंड सैल, पाठ सपाट. आणि वजन परत आलं, जे बऱ्याच जणींच्या बाबतीत येतं, तर येताना ते बहुतेक चरबी म्हणूनच येतं, गेलेले स्नायू आपोआप परत येत नाहीत. असं दोन-तीनदा झालं की काट्यावर तोच आकडा असूनही पँट एक नंबर वरची लागते. हल्ली वजन उतरवायची इंजेक्शनं घेणाऱ्यांनाही मी हेच सांगते. भूक मेली, खाणं निम्म्यावर आलं आणि व्यायाम शून्य, तर स्नायू जाणारच. इंजेक्शन घ्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण घेत असाल तर वजनं उचलणं जास्तच गरजेचं.

आपल्या लोकांसाठी हा विषय अधिकच जवळचा आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं प्रमाण, अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. आपल्याकडे हाडापेराने बारीक, हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढे, असे लोक घरोघरी आहेत, पुरुषांत तर फारच. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयच्या मर्यादा खाली आणल्या गेल्या, 23 च्या वर जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा. कमरेची मर्यादा बायकांना 80 सेंटिमीटर, पुरुषांना 90. तुमचा बीएमआय आता साडेसव्वीसच्या जवळ आहे आणि कंबर अजून साडेसत्याऐंशी सेंटिमीटर. म्हणजे प्रगती खरी आहे, पण काम बाकी आहे. अजून तीन इंच. अशा शरीराला आधी मिळवायला हवेत ते स्नायू, कारण मुळात तेच कमी आहेत. ही माणसं नुसतं कमी खाऊन बारीक झाली की आणखी काटकुळी होतात आणि पोट सगळ्यात शेवटी जातं.

आता त्या मुंढ्याकडे येऊ. आधी साधी शंका: कुडता धुऊन आटला तर नाही ना? सुती कापडाचा भरवसा नसतो. तसं नसेल तर दंडाचं माप सकाळी घ्या, व्यायामानंतर लगेच नको. व्यायाम झाल्यावर तासभर स्नायूंत रक्त आणि पाणी भरलेलं असतं, तेव्हा दंड अर्धा इंचही जास्त भरू शकतो आणि माणूस उगाच घाबरतो. माझ्या अनुभवात, खाणं कमी असताना तीन महिन्यांत बाईचा दंडघेर वाढलाय असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा तो तेवढाच राहतो किंवा पाव इंच कमी होतो, फक्त हात लावला तर घट्ट लागतो. मुंढा ओढतो तो वेगळ्या कारणाने. रोइंग आणि पुलडाऊन या ओढण्याच्या व्यायामांनी पाठीचा वरचा भाग आणि खांद्यामागचा भाग भरतो, आणि दिवसभर कॉम्प्युटरपुढे पोक काढून बसणारी बाई सरळ उभी राहायला लागते. कुडता शिवला होता तो पोक असलेल्या पाठीच्या मापाने. हे माझं नुसतं निरीक्षण नाही. ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्तीनंतरच्या, हाडं ठिसूळ व्हायला लागलेल्या बायकांना देखरेखीखाली आठ महिने आठवड्यातून दोनदा जड वजनं उचलायला लावली, तेव्हा हाडांची घनता तर सुधारलीच, पण पाठीचा पोकही कमी झाला.

शिंप्याला एवढंच सांगा की नवीन कपड्यांत मुंढा अर्धा इंच वाढव आणि कमरेच्या शिवणीत आत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, ठेव. जुने कपडे आत्ताच आत मारून घेऊ नका. महागडे ब्लाउज तर अजिबात नकोत, कमरेचं आणि छातीचं माप पुढच्या तिमाहीत पुन्हा बदलणार आहे.

"पैलवानासारखे दंड" ही भीती मराठी घरात इतकी खोल रुजलेली आहे की तिच्याबद्दल बोलावंच लागतं. पैलवान तसा दिसतो कारण तो पुरुष आहे, लहानपणापासून मेहनत करतो, आणि दूध-तूप-बदामाची खुराक खातो, म्हणजे शरीराला लागते त्यापेक्षा जास्त. बायकांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या तुलनेत दहा-पंधरा पटींहूनही कमी असतं. नवशिक्या बाईने सगळं नीट केलं, पोटभर खाल्लं, तरी सुरुवातीच्या काळात महिन्याला अर्धा किलो स्नायू म्हणजे उत्तम. तुम्ही तर कमी खाताय. पैलवान व्हायचं म्हटलं तरी जमणार नाही, नवऱ्यांना निश्चिंत राहू द्या. हो, एक गोष्ट खरी आहे. ज्यांच्या मांड्यांवर किंवा दंडावर बरीच चरबी आहे, त्यांना पहिल्या महिना-दीड महिन्यात अवयव "फुगल्यासारखे" वाटतात. नवीन व्यायामाने स्नायूंना सूज येते, आणि ते साखरेचा साठाही वाढवतात. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. चरबी अजून वर आहे, खालून स्नायू भरतोय, म्हणून घट्टपणा. हा टप्पा जातो.

याच पाण्यामुळे सुरुवातीला काटा फसवतो. पाळीच्या आधीचे दिवस, आदल्या रात्रीचं खारट जेवण, पायांचा जोरदार व्यायाम, यांपैकी कशानेही किलो-दीड किलो इकडचं तिकडे होतं. क्रिएटिन, म्हणजे जिममध्ये ताकदीसाठी घेतात ती पावडर, सुरू केलं असेल तर तेही स्नायूंत पाणी धरतं. म्हणून रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर वजन करा आणि फक्त आठवड्याची सरासरी बघा. पाळी कायमची बंद होईपर्यंत तुलना करायची ती मागच्या पाळीचक्रातल्या त्याच आठवड्याशी. जिममधल्या त्या पायाखाली पत्रा असलेल्या मशीनवर "बॉडी फॅट 34.2 टक्के" असा कागद मिळतो, त्याला फार डोक्यावर घेऊ नका. ते मशीन शरीरातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून पाण्यावरून अंदाज बांधतं. सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा वेगळा येतो, पाणी प्यायल्यावर आणखी वेगळा.

टेपच्या बाबतीत शिस्त हवी. जिथे पँट बसते ती कंबर नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, किंवा मग सरळ बेंबीवर, पण दर वेळी एकाच जागी. श्वास सोडून, पोट आत न ओढता. दोन आठवड्यांतून एकदा पुरे. छाती, कंबर, सीट, मांडी, दंड एवढी मापं ठेवा. जुना कापडी टेप ताणून लांब होतो आणि माप कमी दाखवतो, त्यावर खूश होऊ नका. सगळ्यात विश्वासू साधन म्हणजे न ताणणाऱ्या कापडाची एक जुनी पँट. नाडीची सलवार आणि इलॅस्टिकची लेगिंग कधीच खरं सांगत नाहीत, अर्ध्या महाराष्ट्राला आपलं वजन वाढल्याचं उशिरा कळतं ते यांच्यामुळेच.

आता इशारा. काटा हलत नाही आणि टेपही हलत नाही, असं दीड-दोन महिने चाललं तर "चरबीचे स्नायू होतायत" म्हणून मनाची समजूत घालू नका. चरबीचा स्नायू होत नसतो, दोन वेगळ्या पेशी आहेत. महिन्याला फार तर अर्धा किलो स्नायू येतो हे वर सांगितलंच, मग चार-पाच किलो चरबी त्याच्या आड लपेलच कशी? तेव्हा अर्थ एकच, तुम्ही लागतं तेवढं खाताय. स्नायूंमुळे बसल्या जागी भरपूर कॅलरी जळतात हाही गैरसमज. एक किलो स्नायू दिवसाला साधारण 13 कॅलरी खातो, चरबी चार-साडेचार. दोन किलो स्नायू वाढवले तर रोज पाव पोळीही वसूल होत नाही. वजनं उचलायची ती जे जातंय ते चरबीतूनच जावं म्हणून.

पोटासाठी वेगळा व्यायाम विचाराल, तर पोट हवं तेवढं मजबूत करा, पण तिथली चरबी त्याने जात नाही. 1971 साली टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले होते. खेळायचा हात जाड होता, कारण स्नायू मोठे, पण कातडीखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच. वर्षानुवर्षं एकाच हाताने खेळून जे झालं नाही ते शंभर क्रंचेसने होणार नाही. घामाचे पट्टे तर विकत घेऊच नका. घामाने चरबी जात असती तर मे महिन्यात अख्खं ठाणं सडपातळ झालं असतं. त्यातल्या त्यात चांगली गोष्ट ही की पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी कातडीखालच्या चरबीच्या मानाने लवकर हलते. म्हणून कंबर आधी उतरते आणि हाताने धरता येणारा लोळा मागे राहतो. चाळिशीनंतर इस्ट्रोजेन कमी व्हायला लागतं तशी चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते, तेव्हा आत्ता मिळवलेला प्रत्येक इंच कामाचा.

चेहऱ्याचंही सांगून ठेवते, कारण गणपतीत पाहुणे विचारणारच, "बरं नाहीये का गं?" चेहऱ्यावरची चरबी जाते ती जातेच, वजनं उचलून ती थांबत नाही. हळू उतरलात तर कातडीला सावरायला वेळ मिळतो, एवढंच हातात आहे.

काय बदलायचं? आठवड्याला वजनाच्या अर्ध्या ते पाऊण टक्क्याने उतरा, म्हणजे तुमच्यासाठी तीनशे ते पाचशे ग्रॅम. सध्याचा वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. तो वाईट नाही, पण पहिल्या काही महिन्यांतली स्नायूंची सहज वाढ आता मंदावेल आणि पुढे काटाही हलायला हवा. रोजच्या खाण्यातून दीडशे-दोनशे कॅलरी आणखी काढा. माझ्याकडे येणाऱ्यांच्या त्या बहुतेक चहाबरोबरच्या खारी-बिस्किटांत आणि फोडणीच्या तेलात सापडतात.

प्रोटीन मात्र वाढवा. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची शिफारस किलोमागे 0.83 ग्रॅमची आहे, पण ती निरोगी माणसाच्या रोजच्या गरजेपुरती. वजन उतरवताना स्नायू राखायचे तर दीड-पावणेदोन ग्रॅम लागतं. तुमचं लक्ष्य 58 किलोचं धरलं तर रोज नव्वदेक ग्रॅम. कॅनडात 2016 साली जाड तरुणांवर चार आठवड्यांचा प्रयोग झाला. खाणं चाळीस टक्के तोडलं आणि दोन्ही गटांना कडक व्यायाम दिला. किलोमागे 2.4 ग्रॅम प्रोटीन खाणाऱ्यांची 4.8 किलो चरबी गेली आणि 1.2 किलो चरबीविरहित वजन वाढलं. 1.2 ग्रॅम खाणाऱ्यांची 3.5 किलो चरबी गेली आणि चरबीविरहित वजन होतं तिथेच राहिलं. पोरं तरुण होती, तुम्हाला ते आकडे मिळणार नाहीत, पण दिशा तीच.

आपलं "वरण खातो की रोज" इथे पुरत नाही. वाटीभर पातळ वरणात चार-पाच ग्रॅम, घट्ट उसळीत सात-आठ. दोन अंडी 12, शंभर ग्रॅम पनीर 18, पन्नास ग्रॅम सुके सोया चंक्स 26, शंभर ग्रॅम बांगडा वीसच्या आसपास. चिकन असेल तर प्रश्नच मिटतो. शाकाहारी असाल तर दिवसातून एकदा व्हे घ्यायला लाजू नका, ती दुधाचीच पावडर आहे, औषध नव्हे. शेंगदाण्याला प्रोटीन म्हणून मूठमूठ खाऊ नका, त्यात तेल जास्त. आणि चतुर्थीला साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढायचा असेल तर ताक, दही, पनीर जोडीला ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारून. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधीच विचारा, साखर उतरू शकते.

व्यायामात तीन दिवस पुरेसे आहेत. स्क्वॉट किंवा लेग प्रेस, रोमानियन डेडलिफ्ट, छातीसाठी एक प्रेस, पाठीसाठी एक रो आणि एक पुलडाऊन, डोक्यावर डंबेल प्रेस. प्रत्येकाचे तीन सेट, प्रत्येक सेटमध्ये आठ ते बारा रेप, म्हणजे आवर्तनं, आणि सेट संपताना वाटलं पाहिजे की अजून दोनच निघाल्या असत्या. वहीत लिहा. खाणं कमी असताना वजनं वाढतायत किंवा निदान टिकून आहेत, ही स्नायू शाबूत असल्याची सर्वांत स्वस्त चाचणी. गुलाबी रंगाचे दोन किलोंचे डंबेल तीन महिन्यांनीही हातात असतील तर ट्रेनरला जाब विचारा. तुमच्या हातातल्या बाजाराच्या पिशव्या त्याहून जड असतात.

चालणं ठेवाच, ते वजनांच्या जागी नको, जोडीला हवं. रविवारी एकदम दोन तास चालण्यापेक्षा रोजचा अर्धा तास बरा, म्हणजे सोमवारी पायांचा व्यायाम करताना गुडघे कुरकुरणार नाहीत. ठाणे स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा सोडून जाता-येता पायी गेलात तर ते सहज भरून निघतं. पावसाळ्यात मात्र जिममधल्या ट्रेडमिलवर, घसरून पाय मुरगळला तर स्क्वॉट महिनाभर बंद.